स्नेअरवरची सही: जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

आजचा भाग ड्रम वाजवणाऱ्यांसाठी आहे, पण ज्यांनी आयुष्यात कधी स्टिक हातात धरली नाही त्यांनीही थांबायला हरकत नाही. कारण प्रश्न तसा सगळ्यांचाच आहे. एखाद्या वस्तूवर मोठ्या माणसाचं नाव आलं की तिची किंमत वाढते. ते वाढलेले पैसे आपण नक्की कशाचे देतो?

आपल्याला हा प्रकार नवा नाही. एकेकाळी गल्लीतल्या प्रत्येक दुसऱ्या बॅटवर एमआरएफचा स्टिकर असायचा. कंपनी टायरची, बॅट कोपऱ्यावरच्या दुकानातली, आणि तरी तो स्टिकर चिकटवला की आपलाही स्ट्रेट ड्राइव्ह सचिनसारखा सुटेल असं वाटायचं. वाटण्यात काही चूक नाही. पण स्टिकर स्वस्त होता. स्नेअर ड्रमवरची सही स्वस्त नसते.

हा भाग करायचं कारण म्हणजे कोल्हापूरहून आलेला एक व्हॉइस मेसेज. मुलगा १९ वर्षांचा. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो, लग्नाच्या सीझनला ऑर्केस्ट्रात बसतो, शिवाय दोन लहान मुलांना शिकवतो. यातून वर्षभर पैसे साठवलेत. त्याला मेटॅलिकाच्या लार्स उलरिकच्या सहीचा, टामा कंपनीचा स्नेअर घ्यायचाय. तो म्हणतो, "ताई, सगळेच्या सगळे पैसे जातील. पण एकदाच घ्यायचाय, घेऊ का?" मेसेजच्या शेवटी मागून त्याच्या आईचा आवाज येतो, "कुणाशी बोलायलास रे?" आणि मेसेज संपतो. म्हणजे किंमत घरी सांगितलेली नाही, हे उघड आहे.

तर आधी थोडं यंत्र समजून घेऊ.

स्नेअर म्हणजे ड्रमसेटमध्ये वाजवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे असतो तो ड्रम. शाळेच्या बँडमध्ये गळ्यात अडकवायचा साइड ड्रम आठवा, त्याचाच हा भाऊ. गोल डब्याला म्हणायचं शेल. तो धातूचा किंवा लाकडाचा. वर एक हेड, खाली एक हेड, दोन्ही रिमने आवळलेले. खालच्या हेडला चिकटून बारीक स्प्रिंगसारख्या तारांचा पट्टा असतो, बहुतेक वेळा २० तारांचा. वर काठी पडली की खालचं हेड थरथरतं आणि तारा त्यावर फडफडतात. तो "चर्र"सारखा आवाज त्या तारांचा. बाजूला एक खटका असतो, त्याला स्ट्रेनर किंवा थ्रो-ऑफ म्हणतात. तो पाडला की तारा सुटतात आणि स्नेअर साध्या टॉमसारखा "टंग टंग" वाजायला लागतो. हा खटका लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शेलने फरक पडतो का? पडतो. ढोबळमानाने सांगायचं तर स्टील चकचकीत आणि लांब गुंजणारं, पितळ जरा भरलेलं, अॅल्युमिनियम कोरडं आणि नेमकं, मेपलचं लाकूड ऊबदार. मापानेही पडतो. १४ इंच व्यास हा सगळीकडचा नेहमीचा, आणि खोली ५ इंचांपासून ६.५ इंचांपर्यंत. खोल शेलचा आवाज जाड, उथळ शेल झटकन उत्तर देतो. म्हणजे वस्तूत काहीच नाही आणि सगळा नावाचा खेळ आहे, असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण नावाचा खेळ जुना आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत जीन क्रूपा नावाचा ड्रमर बेनी गुडमनच्या बँडमध्ये वाजवायचा आणि लोक त्याला बघायला यायचे. स्लिंगरलँड कंपनीने त्याला हाताशी धरलं आणि आपल्या रेडिओ किंग ड्रमच्या जाहिरातीत त्याचा चेहरा वापरला. मेपलची एकच सलग फळी वाफेवर वाकवून केलेलं ते शेल खरोखर चांगलं होतं. आजही जुन्या रेडिओ किंगला मागणी आहे. पण दुकानात गेलेल्या पोरांना फळी नको होती, क्रूपा हवा होता. तेव्हापासून आजवर विक्रीचं सूत्र तेच आहे.

आता आपल्या कोल्हापूरच्या मित्राचा लार्स. त्याच्या सहीचा जो मॉडेल सगळ्यांना माहीत आहे तो १४ बाय ६.५ इंचांचा, स्टीलचा, आणि त्याच्या अंगावर उठावाची नक्षी. ही नक्षी तुम्ही रोज बघता. एसटीच्या पायरीवर पाय घसरू नये म्हणून जो खडबडीत पत्रा असतो ना, चेकर्ड प्लेट, तीच. स्टेजवर दिवे पडले की फार देखणी दिसते, खोटं कशाला बोलू.

पण ऐकताना लार्सचा आवाज म्हणजे नेमका कोणता? मेटॅलिकाचा १९९१चा काळ्या कव्हरचा अल्बम घ्या. त्यातला स्नेअर जाड, जड, प्रत्येक ठोका छातीवर येतो. आता २००३चा सेंट अँगर लावा. पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज, जगभरच्या लोकांनी त्याची टिंगल केली. का? तर तो मघाचा खटका पाडलेला होता, तारा सुटलेल्या होत्या आणि लार्सने तसंच ठेवलं. (एपिसोडमध्ये इथे मी माझ्याच स्नेअरवर खटका वर आणि खटका खाली असं वाजवून दाखवलंय. वाचणाऱ्यांनी तेवढा तुकडा जरूर ऐका.) माणूस तोच, बँड तोच, आणि दोन आवाजांत जमीन-अस्मानाचा फरक. मग सही नेमकी कोणत्या आवाजावर केली?

शिवाय काळ्या अल्बमवरचा तो जाड आवाज ज्या स्नेअरशी जोडला जातो, तो टामाचा बेल ब्रास. ओतीव धातूचा, उचलताना कंबर धरेल इतका जड. तो पायरीच्या पत्र्यासारखा स्टीलचा नव्हे. म्हणजे अल्बम ऐकून प्रेमात पडायचं एका ड्रमच्या आणि दुकानात पैसे मोजायचे दुसऱ्याच ड्रमचे, असं सहज होऊ शकतं.

बेल ब्रासचीच आणखी एक गोष्ट. त्याच १९९१ साली निर्वाणाचा नेव्हरमाइंड आला. त्यावर डेव्ह ग्रोलने वाजवलेला स्नेअरही टामा बेल ब्रास होता, टोपणनाव टर्मिनेटर. आणि तो ग्रोलचा नव्हताच. लॉस एंजेलिसमध्ये रॉस गारफिल्ड नावाचा माणूस ड्रम भाड्याने देतो आणि ट्यून करून देतो, त्याला ड्रम डॉक्टर म्हणतात. त्याच्याकडून रेकॉर्डिंगपुरता भाड्याने आणलेला. जगात कोट्यवधी प्रती खपलेला अल्बम आणि स्नेअर भाड्याचा! मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे मांडवाच्या खुर्च्यांपासून नवरदेवाच्या घोड्यापर्यंत सगळं भाड्याने आणतो, पण वाद्य म्हटलं की ते स्वतःचंच पाहिजे.

लेड झेपेलिनच्या जॉन बोनमचं उदाहरण तर आणखी बोलकं. ज्याच्या स्नेअरची आजही नक्कल होते त्या माणसाचा आवडता स्नेअर लडविगचा सुप्राफोनिक, १४ बाय ६.५, अॅल्युमिनियमच्या शेलवर क्रोम. साधा कॅटलॉगमधला माल. कुणीही दुकानात जाऊन मागावा आणि घ्यावा. आणि 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधला तो अजस्र ठोका आला कुठून? इंग्लंडमध्ये हेडली ग्रेंज नावाचं जुनं घर आहे. त्याच्या उंच जिन्याच्या तळाशी ड्रमसेट मांडला आणि माइक वर जिन्यात टांगले. आवाजातला मोठा वाटा त्या जिन्याचा. जिना पेटीत घालून विकता येत नाही, म्हणून कंपन्या स्नेअर विकतात.

इथे तुमच्या-माझ्या हातातल्या फोनबद्दल बोलायलाच हवं. आपण स्नेअर निवडतो कसा? व्हिडिओ बघून. त्या व्हिडिओत हेड कोरं असतं, ट्यून करणारा तरबेज असतो, खोली आवाजासाठी बांधलेली असते, माइक महाग असतात आणि नंतर आवाजावर भरपूर इस्त्री फिरवलेली असते. वर आपण तो ऐकतो फोनच्या स्पीकरवर. स्नेअरचा मूळ सूर साधारण १५० ते २५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि एवढासा स्पीकर तिथे जवळजवळ गप्पच. ऐकू येतो तो वरचा कडकडाट. म्हणजे स्टील आणि पितळ यांतला जो खरा फरक, आवाजाचं अंग, तोच गायब. किमान चांगले हेडफोन लावा. आणि हेडफोन लावूनसुद्धा व्हिडिओवरून एवढाच निष्कर्ष काढा की हा ड्रम असाही वाजू शकतो. तुमच्या हातात, तुमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत तो तसाच वाजेल, हे व्हिडिओ सांगत नाही.

आता पैशांकडे येऊ. मी हिशोब असा करते. सहीच्या स्नेअरचं नाव झाकायचं आणि त्याची जन्मपत्रिका काढायची. शेल कशाचं, किती जाड, माप काय, लग किती, रिम पत्रा वाकवून केलेली की ओतीव, म्हणजे डाय-कास्ट, स्ट्रेनर कोणता. मग त्याच कंपनीच्या यादीत या पत्रिकेशी सर्वांत जास्त गुण जुळणारा बिनसहीचा स्नेअर शोधायचा. समजा (आकडे हिशोबापुरते घेतेय, बाजारभाव म्हणून धरू नका) सहीचा ६०,००० रुपयांना आणि बिनसहीचा भाऊ ३८,००० रुपयांना. फरक २२,०००. सहीच्या स्नेअरला डाय-कास्ट रिम आहे, स्ट्रेनर वरच्या दर्जाचा आहे, तारा चांगल्या आहेत. हे सगळं सुटं घेऊन साध्या स्नेअरला बसवायला समजा १२,००० लागतात. मग उरले १०,०००. ही सहीची किंमत. आता प्रश्न सोपा झाला: त्या नावासाठी मी १०,००० द्यायला तयार आहे का? कुणी हो म्हणेल, कुणी नाही. पण निदान आकडा समोर आला. शिवाय परदेशी मालावर आपल्याकडे आयात शुल्क, कर आणि वाहतूक चढते. त्यामुळे अमेरिकन समीक्षक "या किमतीला उत्तम" म्हणतो तेव्हा ती किंमत त्याच्या गावची असते.

कधीकधी हा हिशोब उलटा लागतो, आणि ते सांगायलाच हवं. पर्लने स्लिपनॉटच्या जोई जॉर्डिसनच्या नावाने काळा स्टीलचा स्नेअर काढला होता, १३ बाय ६.५. रेड हॉट चिली पेपर्सच्या चॅड स्मिथच्या नावाचाही १४ बाय ५चा स्टीलचा होता. हे दोन्ही सहीचे असून परवडणाऱ्या गटातले. तिथे नावाचा भार जवळजवळ शून्य, आणि वाजायलाही खणखणीत. अशा वेळी फक्त माप तुम्हाला जमतंय का ते बघायचं. १३ इंचाचं एक व्यावहारिक दुखणं आहे: गावातल्या दुकानात १४चं हेड मिळेल, १३चं मागवावं लागेल. शनिवारी कार्यक्रम आणि शुक्रवारी हेड फाटलं तर काय करणार, हा विचार आधीच करा.

दुसरा अपवाद म्हणजे सहीमुळे एखादी खरीच वेगळी सोय मिळते तो. यामाहाच्या डेव्ह वेकल मॉडेलला दोन स्ट्रेनर आहेत. तारांचे दोन ताण आधीच लावून ठेवायचे आणि गाण्याच्या मधे खटका बदलायचा. हे त्या माणसाने स्वतःच्या गरजेतून मागून घेतलेलं. दुकानातल्या साध्या स्नेअरला ते मिळत नाही. तुम्हाला तशी गरज असेल तर पैसे वस्तूचे आहेत. गरज नसेल तर तो एक जास्तीचा खटका आहे आणि त्याच्यावर धूळ बसेल.

माझं स्पष्ट मत विचाराल तर आपल्यापैकी बहुतेकांचा स्नेअर वाईट वाजतो तो शेलमुळे नाही, हेडमुळे. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पान बदललं, नीट ताणलं की तोच ढोल दुसरा वाटतो. स्नेअरचंही तेच. वर एक कोटेड, एकपदरी, १० मिल जाडीचं हेड, खाली ३ मिलचं स्नेअर-साइड हेड. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. खालचं हेड किती पातळ असतं बघा, आणि वर्षानुवर्षं ते कुणी बदलत नाही! माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या स्नेअरचं खालचं हेड मी उलटून बघते तेव्हा बहुतेक वेळा ते ड्रमच्या वयाचंच निघतं. दोन हेड आणि तारांचा नवा पट्टा यांना सहीच्या स्नेअरच्या किमतीचा छोटासा तुकडा लागतो. मग ड्रम-की घेऊन समोरासमोरचे रॉड थोडे थोडे आवळत जायचं, प्रत्येक रॉडजवळ हळूच टिचकी मारून सूर जुळवायचा. पहिल्यांदा तासभर जाईल. जाऊ दे.

एवढं करून पंधरा दिवस वाजवा. त्यानंतरही "मला हवाय तो आवाज यातून निघत नाही" असं वाटलं, तर मग दुकान गाठा. मुंबई-पुण्यात मोठी दुकानं आहेत जिथे वाजवून बघता येतं, फोन करून आधी विचारा. स्वतःच्या स्टिक न्या. शक्य असेल तर सहीचा आणि त्याचा बिनसहीचा भाऊ शेजारी मांडायला सांगा, दोन्ही एकाच सुराला ट्यून करा. नाहीतर ज्याची ट्यूनिंग चांगली तो जिंकतो आणि आपल्याला वाटतं ड्रम चांगला. मग मित्राला वाजवायला लावा आणि तुम्ही पाठ करून दहा पावलं लांब उभे राहा. प्रेक्षक तिथेच असतात. हळू वाजवून बघा, अगदी बोटांच्या जोरावर. महाग स्नेअर खरा वेगळा पडतो तो इथे, जोरात हाणताना नाही. जोरात सगळेच ओरडतात. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर दोन्ही एकाच जागेवरून करा आणि आवाज किती मोठा यावर निवाडा देऊ नका, कारण फोन मोठा आवाज आपोआप दाबतो.

तर कोल्हापूरच्या मित्रा, तुझ्यासाठी. तुझ्या मेसेजनंतर मी तुला दोन-तीन गोष्टी विचारल्या होत्या. तुझा स्नेअर स्टँड मधेच खाली घसरतो, हाय-हॅटची खालची झांज तडकली आहे आणि हेड दोन वर्षांपूर्वीची आहेत. या सेटमध्ये लार्सचा स्नेअर आणून ठेवलास तर तो घसरत्या स्टँडवर बसेल आणि त्याच्या शेजारी तडकलेली झांज वाजेल. ऐकणाऱ्याला झांजच ऐकू येईल. म्हणून माझं उत्तर, आज नाही. आधी स्टँड, हेड, हाय-हॅट. यात साठवलेले सगळे पैसे जाणार नाहीत. जे उरतील त्यात १४ बाय ६.५चा, बिनसहीचा, स्टीलचा किंवा पितळेचा वापरलेला स्नेअर शोध. ऑर्केस्ट्रात तुला एका रात्रीत लावणीही वाजवायची असते आणि रॉकही, तिथे असा स्नेअर कुठेही चालतो. पुढे कधी विकायची वेळ आली तर त्याला कुणीही गिऱ्हाईक मिळेल. लार्सच्या स्नेअरला मेटॅलिकाचा चाहताच लागेल, आणि तो कोल्हापुरात नेमक्या त्याच महिन्यात पैसे घेऊन बसलेला असेल याची खात्री नाही.

आणि हो, दोन-तीन वर्षांनी कामं वाढली, पोटापाण्याचं निघायला लागलं आणि तरी तो पायरीचा पत्रा डोळ्यांसमोर येत असेल, तर खुशाल घे. आवडीला हिशोब लागत नाही. फक्त तेव्हा स्वतःला "आवाजासाठी घेतोय" असं सांगू नकोस. आणि घरी किंमत सांग.

वापरलेला स्नेअर बघायला जाल तेव्हाचं थोडं सांगून थांबते. ड्रम-की बरोबर न्या आणि मालकाच्या परवानगीने दोन्ही हेड काढा. नुसतं शेल स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेवर पालथं ठेवा, आत मोबाइलचा टॉर्च लावा आणि दिवे बंद करा. कडेखालून उजेडाची फट दिसली तर कड सपाट नाही. तिथे हेड नीट बसणार नाही आणि ट्यूनिंग कायम डोकं खाईल. खालच्या कडेला तारांसाठी समोरासमोर दोन उथळ खोलगट जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यांतून उजेड येणारच, त्याला घाबरू नका. प्रत्येक रॉड हाताने फिरतो का बघा. रिम जमिनीवर ठेवून डोलते का बघा. अॅल्युमिनियमवर क्रोम असेल तर पुटकुळ्या आल्यात का ते पाहा. दिसायला वाईट, आवाजाला फारसं काही होत नाही, पण भाव पाडायला उपयोगी. शेवटी हेड चढवून तारा लावा आणि दहा-बारा रिमशॉट सणसणीत मारा. खटका आपोआप खाली घसरला तर नवा स्ट्रेनर घ्यावा लागेल, तेवढे पैसे तिथेच वजा करून मागा.